अडलेल्या यंत्राचा शिल्पकार

परीक्षा तोंडावर आलेली असते आणि नेमका त्याच दिवशी आलेख काढणारा कॅल्क्युलेटर सुरू होत नाही. बटण दाबावे तर पडदा कोराच. मग घरातला जाणता माणूस क्रमाने एकेक शक्यता तपासू लागतो. सेल संपले आहेत का, ते उलटे बसले आहेत का, सेलला टेकणाऱ्या पत्र्यांवर गंज चढला आहे का, पडद्याचा गडदपणाच अगदी कमी झाला आहे का, की मागच्या बारीक छिद्रातले रिसेटचे बटण दाबल्यावर काम भागेल? दोष कुठे नाही हे एकेक करून ठरवीत गेले की तो कुठे आहे हे कळते. बंद पडलेल्या कोणत्याही यंत्राला हीच रीत लागू पडते.

या छोट्या कॅल्क्युलेटरच्या एका आद्य पूर्वजाच्या बाबतीत मात्र दोषाचा हा शोध पुरा व्हायला शतकाहून अधिक काळ लागला. लंडनच्या चार्ल्स बॅबेजने १८२१ मध्ये आकडेमोड करणाऱ्या यंत्राचा ध्यास घेतला. पन्नास वर्षांनी, १८७१ मध्ये त्याने डोळे मिटले तेव्हा त्याने आखलेले एकही मोठे यंत्र पूर्ण झालेले नव्हते. दोष कल्पनेत होता, धातूकामात होता, पैशात होता की खुद्द बॅबेजच्या स्वभावात? त्याच्या हयातीत ज्याने त्याने आपापल्या सोयीचे उत्तर दिले. निर्णायक उत्तर मिळाले ते १९९१ मध्ये. संगणकाचा जनक म्हणून आज ज्याचे नाव घेतले जाते, त्या माणसाची ही कहाणी.

चांदीची नर्तकी

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या वॉलवर्थ भागात झाला. वडील बेंजामिन हे मूळचे डेव्हन परगण्यातील टॉटनेसचे. बँकेच्या व्यवसायात त्यांनी उत्तम जम बसवला होता आणि घरात पैशाला तोटा नव्हता. चार्ल्सची प्रकृती मात्र नाजूक होती. हवापालटासाठी त्याला एक्झेटरजवळच्या एका खेड्यातील शाळेत ठेवण्यात आले. नवे खेळणे हाती आले की त्याच्या आत काय आहे असा त्याचा पहिला प्रश्न असे, आणि उत्तराने समाधान झाले नाही की खेळण्याची रवानगी मोडतोडीत होई.

याच वयात आईने त्याला लंडनमधील मर्लिन नावाच्या कारागिराच्या प्रदर्शनात नेले. किल्लीवर चालणारी नाना प्रकारची यंत्रे तिथे मांडलेली होती. मुलाचे कुतूहल पाहून मर्लिनने त्याला माळ्यावरच्या आपल्या कार्यशाळेत नेले आणि चांदीच्या दोन लहान बाहुल्या दाखवल्या. त्यांपैकी एक नर्तकी होती आणि तिच्या बोटावर पंख फडफडवणारा पक्षी होता. ती आकृती बॅबेजच्या मनातून कधीच गेली नाही. पुढे १८३४ मध्ये तीच नर्तकी एका लिलावात त्याच्या दृष्टीस पडली. त्याने ती विकत घेतली, स्वतः दुरुस्त केली आणि आपल्या दिवाणखान्यात मांडली. मोडलेली ही एक कळ तरी त्याने स्वतःच्या हातांनी पुन्हा चालती केली.

एनफिल्डच्या शाळेत त्याला गणिताचे वेड लागले. पहाटे तीन वाजता उठून एका मित्रासोबत तो चोरून अभ्यास करीत असे. १८१० मध्ये तो केंब्रिजला गेला तेव्हा आपल्याला येणारे गणित तिथल्या शिक्षकांपेक्षा पुढचे आहे हे त्याच्या ध्यानात आले. न्यूटनच्या अभिमानापोटी इंग्लंड कलनशास्त्राच्या जुन्या चिन्हांना चिकटून बसले होते आणि त्या काळात फ्रान्स-जर्मनीतील गणित कितीतरी पुढे निघून गेले होते. १८१२ मध्ये जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक आदी मित्रांसह त्याने अ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली आणि युरोपातील नवी पद्धत केंब्रिजमध्ये आणण्याची मोहीम उघडली. ती कालांतराने यशस्वीही झाली.

१८१४ मध्ये जॉर्जियाना व्हिटमोर हिच्याशी त्याचा विवाह झाला. वडिलांना हा विवाह मान्य नव्हता. दोन वर्षांनी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १८२० मध्ये खगोलशास्त्रज्ञांची स्वतंत्र संस्था उभारणाऱ्यांतही तो होता. या संस्थेनेच त्याला त्याच्या आयुष्याचे काम मिळवून दिले.

चुकांनी भरलेली कोष्टके

त्या काळी गुणाकार-भागाकार सोपे करायला लॉग टेबल लागे, जहाजाचे समुद्रातील स्थान काढायला नाविक पंचांग लागे, विम्याचा हप्ता ठरवायला मृत्युमानाची कोष्टके लागत. दर्यावर्दी, खगोलशास्त्रज्ञ, अभियंता, बँकर या सर्वांची भिस्त छापील आकड्यांवर होती. हे आकडे माणसेच कागदावर काढीत. एकाने हिशेब करायचा, दुसऱ्याने नक्कल करायची, तिसऱ्याने खिळे जुळवायचे, चौथ्याने मुद्रिते तपासायची. प्रत्येक पायरीवर चूक शिरण्याची सोय होती. शिवाय छापील आकडा चुकीचा असला तरी तो बरोबर आकड्यासारखाच दिसतो. किनारा कुठे आहे याचा हिशेब चुकलेल्या जहाजाला ही गोष्ट फार उशिरा कळत असे.

१८२१ मध्ये बॅबेज आणि हर्शेल खगोलशास्त्रीय कोष्टकांची पडताळणी करायला बसले. दोन स्वतंत्र गणकांनी काढलेले आकडे समोरासमोर ठेवून ताळा घ्यायचा, असे ते काम होते. चुकांमागून चुका निघू लागल्या तेव्हा वैतागलेल्या बॅबेजच्या मनात आले की, हे हिशेब वाफेच्या यंत्राने झाले असते तर किती बरे झाले असते. हर्शेलला ते अशक्य वाटले नाही. बॅबेज कामाला लागला.

त्याची कल्पना समजायला फार गणित लागत नाही. १, ४, ९, १६, २५ हे ओळीने येणारे वर्ग घ्या. शेजारच्या दोन वर्गांतील फरक ३, ५, ७, ९ असे येतात. या फरकांमधला फरक काढला तर तो दरवेळी २ च येतो. म्हणजे पुढचा वर्ग काढायला गुणाकाराची गरजच नाही. ९ मध्ये २ मिळवले की ११, आणि २५ मध्ये ११ मिळवले की ३६. फरकांच्या या रीतीने कितीतरी गुंतागुंतीची सूत्रे केवळ बेरजेवर आणता येतात आणि बेरीज हे दातेरी चाकांना जमण्यासारखे काम आहे. यंत्राचे नावही त्यावरूनच डिफरन्स इंजिन असे पडले. बॅबेज एवढ्यावर थांबला नाही. निघालेले उत्तर यंत्रानेच छपाईच्या साच्यात उमटवावे, म्हणजे हिशेब आणि छापील पान यांच्यामध्ये माणसाचा हातच येणार नाही, असा त्याचा आग्रह होता.

१८२२ मध्ये त्याने एक लहान नमुना करून दाखवला आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष हम्फ्री डेव्ही यांना उद्देशून एक जाहीर पत्र प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी सरकारने पंधराशे पौंड मंजूर केले. अर्थमंत्र्याशी झालेल्या ज्या भेटीत ही बोलणी झाली तिचे टिपण मात्र कोणीच ठेवले नाही. सरकार किती पैसे देणार, यंत्र कोणाच्या मालकीचे होणार आणि ते किती दिवसांत पुरे व्हायचे, हे सारे मोघम राहिले. पहिला बिघाड असा यंत्राच्या आधी करारात शिरला होता.

हातच्याची अडचण

यंत्र बांधण्याचे काम जोसेफ क्लेमेंट या निष्णात कारागिराकडे सोपवण्यात आले. आखणीनुसार यंत्राला सुमारे पंचवीस हजार भाग लागणार होते आणि त्याचे वजन कित्येक टन भरणार होते. एकाच मापाचे शेकडो भाग एकसारखे काढायचे तर त्यासाठी लागणारी हत्यारेही आधी बनवावी लागत. क्लेमेंटच्या कारखान्यात त्या काळी काम करणारा जोसेफ व्हिटवर्थ हा तरुण कारागीर पुढे स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण मापन ठरवणारा विख्यात अभियंता झाला. यंत्रासाठी झालेला खर्च अगदीच वाया गेला नाही, असे म्हणणारे या गोष्टीकडे बोट दाखवतात.

बेरजेत खरी अडचण येते ती हातच्याची. ९९९९ मध्ये १ मिळवला की एककाचा हातचा दशकात, दशकाचा शतकात असा तो थेट वरपर्यंत धावतो. हे सगळे हातचे एकाच क्षणी पुढे ढकलायचे तर यंत्राला प्रचंड जोर लागेल आणि ते मोडेल. बॅबेजने हे काम दोन टप्प्यांत विभागले. एखादे चाक ९ वरून ० वर गेले की शेजारची एक कळ नुसती हातचा आहे अशी खूण करून ठेवते. सगळ्या बेरजा उरकल्यावर गोल जिन्यासारखे चढत गेलेले दांडे एकामागून एक फिरतात आणि जिथे खूण असेल तिथेच हातचा मिळवतात. शाळेत मुले आकड्याच्या डोक्यावर हातचा लिहून ठेवतात, त्याचीच ही यांत्रिक आवृत्ती होती.

याहूनही लक्षणीय होती ती त्याची चुकीबद्दलची सावधगिरी. चाक दोन आकड्यांच्या मध्येच थांबले तर यंत्र कोणता आकडा धरील? बॅबेजने पाचरीच्या आकाराच्या खिट्ट्या बसवल्या. ठरल्या क्षणी त्या चाकाच्या दात्यांमध्ये शिरतात. चाक थोडेसे सरकलेले असेल तर त्या त्याला जागेवर आणतात. ते जास्त सरकलेले असेल तर खिट्टी आत जाऊ शकत नाही आणि सगळे यंत्र जागच्या जागी अडते. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा यंत्राने थांबावे, हे तत्त्व त्याने धातूत उतरवले होते. यंत्र अडणे हा त्याच्या लेखी बिघाड नसून धोक्याचा इशारा होता. कोष्टकांतील गुपचूप चुकांनी हैराण झालेल्या माणसाला सुचावी अशीच ही योजना होती.

काम थांबले

१८२७ हे वर्ष बॅबेजवर कोसळले. फेब्रुवारीत वडील गेले. उन्हाळ्यात चार्ल्स हा मुलगा दगावला आणि पाठोपाठ पत्नी जॉर्जियाना आणि नवजात बालकही गेले. बॅबेज पार खचला. वडिलांमागे त्याच्या वाट्याला सुमारे एक लाख पौंडांची मालमत्ता आली होती. काम क्लेमेंटवर सोपवून तो युरोपच्या प्रवासाला निघून गेला. प्रवासात असतानाच केंब्रिजमध्ये एके काळी न्यूटनकडे असलेल्या गणिताच्या प्राध्यापकपदी त्याची निवड झाली. १८२८ ते १८३९ अशी अकरा वर्षे त्याने ते भूषवले, परंतु तिथे एकही व्याख्यान दिले नाही.

परत आल्यावर त्याने सरकारकडून आणखी पैसे मिळवले. पंतप्रधान वेलिंग्टनच्या ड्यूकने स्वतः नमुना पाहून त्याला पाठिंबा दिला. १८३२ च्या अखेरीस यंत्राचा सुमारे सातवा भाग जोडून तयार झाला. त्यात दोन हजारांच्या आसपास सुटे भाग होते आणि तो अचूक चालत होता.

डॉर्सेट स्ट्रीटवरील बॅबेजच्या घरी शनिवारच्या संध्याकाळी लंडनमधील नामवंतांची गर्दी होई. चार्ल्स डार्विन आणि चार्ल्स डिकन्सही त्यांत असत. बॅबेज त्यांना यंत्राची करामत दाखवी. यंत्र कितीतरी वेळ दोनदोनने वाढणारे आकडे देत राही आणि पाहणाऱ्याला आता हेच चालणार असे वाटू लागले की अचानक निराळाच आकडा येई. हा बदल यंत्रात आधीच योजलेला असे. लगतच्या खोलीत ती चांदीची नर्तकी होती. देशी पाहुणे तिच्याभोवती गोळा होतात आणि यंत्रापाशी एखाददुसरा परदेशी पाहुणाच उभा असतो, याची खंत त्याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे.

त्यानंतर काम थांबले, आणि त्याचे कारण दातेरी चाकांत नव्हते. बॅबेजने आपल्या घराशेजारी आगीपासून सुरक्षित अशी कार्यशाळा बांधून घेतली होती. क्लेमेंटने तिथे यावे असे त्याचे म्हणणे होते. क्लेमेंटने दोन ठिकाणी काम सांभाळण्यापोटी मोठी भरपाई मागितली आणि ती नाकारली गेली. १८३३ मध्ये क्लेमेंटने कामगारांना रजा दिली. धंद्याच्या रिवाजाप्रमाणे खास या यंत्रासाठी सरकारी पैशातून घडवलेली हत्यारेही कारागिराचीच ठरली आणि ती त्याच्याकडेच राहिली. हजारो तयार भाग जोडणीची वाट पाहत पडून राहिले. त्यांतील बरेचसे पुढे भंगार म्हणून वितळवले गेले.

सरकारचे एकूण सुमारे साडेसतरा हजार पौंड खर्च झाले होते. १८३१ मध्ये एका चांगल्या रेल्वे इंजिनाला आठशे पौंडही पडत नसत, यावरून या रकमेचा अंदाज येतो. बॅबेजने स्वतः मोबदला म्हणून काही घेतले नव्हते, उलट पदरचे पैसे घातले होते.

आलेख काढणारे स्वप्न

यंत्र अडले, पण बॅबेजचे डोके थांबले नाही. १८३४ मध्ये त्याला निराळ्याच यंत्राची कल्पना सुचली. फरकांच्या यंत्राला एकाच जातीचे हिशेब येत. नव्या अ‍ॅनालिटिकल इंजिनला सांगाल तो हिशेब करता येणार होता. आकडे साठवण्याची जागा वेगळी आणि त्यांवर क्रिया करण्याची जागा वेगळी, अशी त्याची रचना होती. पहिल्या जागेला त्याने कोठार म्हटले आणि दुसरीला गिरणी. कोणती क्रिया कधी करायची हे भोके पाडलेल्या कार्डांवरून यंत्राला कळणार होते. ही कार्डे त्याने विणकामाच्या जॅकार्ड मागावरून घेतली. अशा चोवीस हजार कार्डांच्या आधारे रेशमात विणलेले जॅकार्डचे चित्र त्याच्या घरी होते. मिळालेल्या उत्तरावरून पुढची दिशा ठरवणे, एकच क्रिया पुनःपुन्हा करणे या संगणकाच्या मूलभूत गोष्टी या आराखड्यात आहेत. उत्तर छापण्याबरोबरच त्याचा आलेख काढून देणारे उपकरणही बॅबेजने योजले होते. आज विद्यार्थ्याच्या दप्तरात असलेल्या आलेखाच्या कॅल्क्युलेटरचे स्वप्न असे त्या काळात पाहिले गेले होते.

चुकीबद्दलचा कटाक्ष इथेही होताच. मध्येच लॉग टेबलातील एखादी किंमत लागली तर यंत्राने घंटा वाजवून माणसाकडे ते कार्ड मागायचे. माणसाने भलतेच कार्ड दिले तर यंत्राने स्वतः पडताळा घेऊन अधिक मोठी घंटा वाजवायची आणि थांबायचे, अशी योजना होती.

१८४० मध्ये इटलीतील तुरीन शहरी बॅबेजने या यंत्राची माहिती दिली. त्यावर लुईजी मेनाब्रेआ या अभियंत्याने १८४२ मध्ये फ्रेंचमध्ये लेख लिहिला. कवी बायरनची मुलगी एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि त्याला मूळ लेखाहून कितीतरी मोठ्या टिपा जोडल्या. सतराव्या वर्षी तिने बॅबेजच्या घरी ते अपुरे यंत्र पाहिले होते आणि त्याचे मर्म ओळखले होते. बर्नुली संख्या यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या याचा क्रमवार तक्ता तिच्या टिपांत आहे. त्यासाठी बॅबेजने करून दिलेल्या बीजगणितात त्याचीच एक गंभीर चूक तिने पकडली आणि कागद परत पाठवले. बॅबेजने ही गोष्ट पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितली. एडा १८५२ मध्ये अकाली वारली.

नव्या कल्पनेचा एक तोटा झाला. जुने यंत्र पुरे होण्याआधीच अधिक चांगले यंत्र सुचले आहे असे बॅबेजने सरकारला कळवले. पैसे देणाऱ्यांनी त्याचा अर्थ आधीचे पैसे बुडाले असाच घेतला. १८४२ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सरकारने राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांचे मत मागवले. यंत्र निरुपयोगी असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. सरकारने हात काढून घेतला. त्यानंतर बॅबेज पीलना भेटला, पण या भेटीत त्याने आपल्या कामाची बाजू मांडण्यापेक्षा आपल्यावरील अन्यायाचा पाढाच अधिक वाचला. भेट कडवटपणे संपली.

नाकारलेली रेखाचित्रे

१८४७ ते १८४९ या काळात बॅबेजने डिफरन्स इंजिनचा दुसरा आराखडा तयार केला. अ‍ॅनालिटिकल इंजिनच्या निमित्ताने जे जे शिकला ते सारे त्याने त्यात ओतले. एकतीस आकडी संख्या हाताळणाऱ्या या यंत्राला छपाईच्या भागासह अवघे आठ हजार भाग लागणार होते. पहिल्याच्या तृतीयांशाहून ते फार अधिक नव्हते. १८५२ मध्ये ही रेखाचित्रे त्याने सरकारला देऊ केली. सरकारने ती स्वीकारली नाहीत.

इकडे स्वीडनमधील जॉर्ज शॉइट्झ व त्यांचा मुलगा एडवर्ड यांनी बॅबेजच्या यंत्रावरील एक लेख वाचून स्वतःचे डिफरन्स इंजिन तयार केले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. बॅबेजने मत्सर केला नाही. उलट त्याने त्यांचे कौतुक करून त्यांच्यासाठी शब्द टाकला. या यंत्राची एक प्रत ब्रिटिश सरकारनेच घेतली आणि १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या आयुर्मान कोष्टकांसाठी ती वापरली. परंतु बॅबेजच्या खिट्ट्यांसारखी योजना तिच्यात नव्हती. यंत्रावर सतत नजर ठेवावी लागे. बॅबेजची सावधगिरी ही चैन नव्हती, हे यावरून दिसून आले.

उतारवयात बॅबेज चिडखोर म्हणूनच अधिक ओळखला जाऊ लागला. घराखाली हातऑर्गन वाजवणाऱ्यांनी एकाग्रता मोडते म्हणून त्याने त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली आणि १८६४ मध्ये तसा कायदाही झाला. लोक मुद्दाम त्याच्या दारात बाजे आणून वाजवीत. कारखानदारीचे अर्थशास्त्र, टपालाचा खर्च, गुप्तलिपी, रेल्वेची सुरक्षितता अशा किती विषयांत या माणसाची बुद्धी चालली, हे गल्लीतल्या त्या गोंगाटात कोणाच्या लक्षात राहिले नाही. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी डॉर्सेट स्ट्रीटवरील घरीच त्याचे निधन झाले. केन्सल ग्रीन दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.

दोष सापडला

वडिलांचा वारसा हेन्री प्रीव्हो या मुलाने सांभाळला. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात दाखल होऊन त्याने हिंदुस्थानात दीर्घकाळ नोकरी केली होती. निवृत्तीनंतर त्याने उरलेल्या भागांतून काही लहान नमुने जोडले आणि ते निरनिराळ्या संस्थांना दिले. त्यांतला एक अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पोहोचला. तिथे १९३० च्या दशकात तो पाहणाऱ्या हॉवर्ड आयकेनने पुढे विजेवर चालणारे अजस्र गणकयंत्र उभारले. परंतु बॅबेजचे मूळ यंत्र चालले असते का, हा प्रश्न तसाच होता. त्या काळचे धातूकाम पुरेसे अचूक नव्हते, म्हणून यंत्र होणे शक्यच नव्हते, असे उत्तर पुस्तकांतून रूढ झाले होते.

सिडनीचे संशोधक अ‍ॅलन ब्रॉम्ली यांनी लंडनच्या सायन्स म्युझियममधील रेखाचित्रांचा कसून अभ्यास केला आणि १९८५ मध्ये दुसरे डिफरन्स इंजिन प्रत्यक्ष बांधावे असे सुचवले. संग्रहालयाचे डोरॉन स्वेड यांनी ती जबाबदारी घेतली. क्लेमेंटने केलेले जुने भाग मोजून पाहिले तेव्हा ते इंचाच्या दोन सहस्रांशांपर्यंत एकसारखे असल्याचे आढळले. नव्या भागांसाठी आधुनिक यंत्रे वापरली, तरी त्याहून अधिक बारकाई घ्यायची नाही असा दंडक घालण्यात आला.

जोडणी झाल्यावर तेच झाले जे कॅल्क्युलेटरच्या मालकाला ठाऊक असते. यंत्र चालेना. ते पुनःपुन्हा अडू लागले. एकाच हँडलने चालणारे चार हजार भाग एकमेकांत गुंतलेले, दोष एका ठिकाणी आणि अडणे भलत्याच ठिकाणी. एखादा भाग तात्पुरता वेगळा काढून तपासावा अशी सोय बॅबेजने ठेवलेलीच नव्हती, कारण इथवर तो कधी पोहोचलाच नव्हता. रेखाचित्रांतही काही चुका निघाल्या. हातच्याची यंत्रणा आराखड्याप्रमाणे चालूच शकत नव्हती. तिची आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी मांडणी करताच ती चालू लागली. हँडल फिरवायला फार जड जात होते, म्हणून गती कमी करून जोर वाढवणारी चाके जोडावी लागली. कुशल सहायक आणि वेळ हाताशी असता तर बॅबेजने स्वतःच हेरून काढल्या असत्या, अशाच या चुका होत्या.

नोव्हेंबर १९९१ मध्ये, बॅबेजच्या दोनशेव्या जयंतीला महिना उरला असताना, यंत्राने पहिला मोठा हिशेब न चुकता पुरा केला. सातव्या घातांच्या कोष्टकातील पहिल्या शंभर किमती त्याने काढून दाखवल्या. २००२ मध्ये छपाईचा भागही जोडला गेला. सुमारे पाच टन वजनाचे, अकरा फूट लांब आणि सात फूट उंच असे ते यंत्र बॅबेजच्या म्हणण्याप्रमाणे हिशेब करून स्वतःच पान छापू लागले.

उत्तर मिळाले ते असे. कल्पना बरोबर होती. धातूकामही पुरेसे अचूक होते. दोष होता तो मोघम कराराचा, हत्यारांवरून झालेल्या भांडणाचा, थकलेल्या सरकारी धीराचा आणि पुरे होत आलेले काम सोडून अधिक चांगल्याच्या मागे धावणाऱ्या बुद्धीचा. यांपैकी कशावरही पाचरीची खिट्टी बसवता येत नाही. आपल्या यंत्राला वेळीच थांबून चूक दाखवायला शिकवणाऱ्या बॅबेजला स्वतःच्या आयुष्यातली ती जागा मात्र सापडली नाही.

त्याने दिलेला धडा त्यामुळे उणा होत नाही. न चालणारे यंत्र निदान आपण चालत नाही एवढे तरी खरे सांगते. दोष शोधायला सुरुवात तिथूनच करता येते.